संशय कृतीवर घ्या, जन्मावर नको

‘आपल्या वस्तीतल्या किती पोरांनी विमान आतून पाहिले आहे, आणि तुम्ही विमानतळावरच्या झडतीवर काय लिहीत बसलात?’ असे चळवळीतले मित्र विचारतील. उत्तर सोपे आहे. आंबीच्या कॉलेजांत शिकलेली, तळेगाव एमआयडीसीत नोकरीला लागलेली आपली मुले-मुली आज मुलाखतीसाठी, कंपनीच्या कामासाठी लोहगावहून विमानात बसत आहेत. पण समजा एकही जण बसत नसता, तरी हा प्रश्न आपलाच होता. दारात अडवून ‘तू कोण?’ असे विचारणारी आणि उत्तर ऐकण्याआधीच नावावरून निकाल देणारी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. तपासणीला आपला विरोध नाही. डिसेंबर 1999 मध्ये आयसी 814 विमानाचे अपहरण करून ते कंदाहारला नेले गेले. 26/11 मुंबईने सोसले. 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. सुरक्षा ही सगळ्यांची गरज आहे. बॅग यंत्रातून जावी, ओळखपत्र पाहिले जावे, अंगझडती व्हावी. पण सर्वांची आणि सारखीच. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. रांगेतून एकालाच बाजूला काढताना काय पाहिले जाते? त्याने केलेली कृती, की त्याचे आडनाव, दाढी, टोपी आणि रंग?

2006 सालातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. 23 ऑगस्ट 2006 रोजी ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान वाटेतूनच परत फिरवले गेले. सोबतीला डच हवाई दलाची एफ-16 विमाने होती. बारा भारतीय प्रवाशांना अटक झाली. त्यांतले बहुतेक मुस्लिम होते. मोबाइल हाताळणे, जागेवर शांत न बसणे एवढाच काय तो संशय. दुसऱ्या दिवशी पुरावा काहीच नाही म्हणून सगळ्यांना सोडून दिले.

त्याच 2006 साली अमेरिकेत दाऊद गिलानी नावाच्या माणसाने कायदेशीररीत्या नाव बदलले आणि तो डेव्हिड हेडली झाला. भारतात आपण मुस्लिम किंवा पाकिस्तानी वंशाचे वाटू नये, हाच त्यामागचा हेतू असल्याचे अमेरिकेतल्या खटल्यात त्याने कबूल केले. त्यानंतर 26/11 च्या आधी तो पाच वेळा मुंबईत आला, हल्ल्याच्या ठिकाणांचे चित्रीकरण करून गेला. पुण्यात कोरेगाव पार्कातही येऊन गेला. अमेरिकन पासपोर्ट, ख्रिस्ती वाटणारे नाव. कोणी हटकले नाही.

म्हणजे नावाची चाळणी लावली तेव्हा निरपराध अडकले आणि खरा गुन्हेगार नाव बदलून सहज निसटला. जन्मावरून संशय घेणे हे अन्यायाचे तर आहेच, पण ते सुरक्षेच्याही मुळावर येते. कोणती नावे अडवली जातात हे कट रचणाऱ्याला सर्वांत आधी कळते.

यावर इस्राएलचे उदाहरण दिले जाते. तिथली विमान कंपनी प्रवाशांचा वंश पाहते, हे खरे. पण तिच्या सर्वांत गाजलेल्या यशात वंश उपयोगी पडला नाही. 17 एप्रिल 1986 रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर आयरिश तरुणीच्या बॅगेत स्फोटके सापडली. प्रियकराने ती लपवून दिली होती. तिला पत्ताही नव्हता. वंशाच्या यादीत ती कुठेच बसत नव्हती. प्रवासाबद्दल विचारलेल्या साध्या प्रश्नांनी आणि बॅगेच्या अनाठायी वजनाने तो कट उघड झाला.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्खे समाज गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत जगली. 31 ऑगस्ट 1952 ला ते विमुक्त झाले. तरी कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते. आणि 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा त्यांनी कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. गुन्हा काहीच नव्हता. जन्म हाच पुरावा होता.

बाबासाहेबांनी या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. विमानतळाच्या दारावरही ती दिसते. वर एक यादी आहे: अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची, ज्यांची झडतीच होत नाही. खाली दुसरी यादी आहे. ती कागदावर नसते, रक्षकाच्या डोक्यात असते. 2009 मध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली, तेव्हा संसदेत गदारोळ झाला. तो सूट मोडली म्हणून झाला. ज्यांना कसलीच सूट नाही, त्यांच्या मानहानीवर असा गदारोळ होत नाही.

आता या दारावर यंत्रही आले आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेली, चेहरा ओळखणारी डिजियात्रा 2023 मध्ये पुण्यात आली. यंत्राला जात नसते, असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2019 मध्ये तपासलेल्या अनेक प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांबाबत चुकीची जुळणी गोऱ्यांच्या 10 ते 100 पट आढळली. माणसाचा पूर्वग्रह निदान भांडता येण्यासारखा असतो. यंत्राच्या चुकीशी भांडायचे कुणाशी? डिजियात्रा ऐच्छिक आहे असे सरकार सांगते. मग दारावर ‘ॲप घ्या’ म्हणून मागे लागणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याचा हक्क प्रवाशाला ठाऊक हवा. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सर्वांची तपासणी सारखी असावी आणि सूट मिळणाऱ्यांची यादी शक्य तितकी छोटी करावी. कुणाला बाजूला घेऊन पुन्हा तपासले, तर त्याने केलेली कोणती कृती संशयास्पद वाटली, ते कारण लेखी नोंदवावे आणि मागितल्यास त्याला द्यावे. अशा नोंदींची दरवर्षी तपासणी व्हावी. ती सुरक्षा दलाबाहेरच्या समितीने करावी आणि आकडे जाहीर करावेत. यातली एकही मागणी सुरक्षा कमी करत नाही. उलट रक्षकाला आडनाव सोडून बॅगेकडे पाहायला लावते.

वसल सुत्तात बुद्धांनी माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा असे सांगितले. संविधानाच्या कलम 14 आणि 15 मागे तेच मूल्य उभे आहे. हे मूल्य फक्त आपल्यासाठी मागायचे आणि विमानतळावर दाढीवाला बाजूला काढला की गप्प बसायचे, हे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. रांगेत तुमच्यापुढच्या माणसाला नावावरून अडवले, तर शांतपणे कारण विचारा. जय भीम!