हजेरीचं बक्षीस

मे महिना आला की पाच दिवस मी मुलांच्या बायबल वर्गाला शिकवायला जाते. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, ही बऱ्याच वर्षांची रीत आहे. शहरात याला व्हीबीएस म्हणतात. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, कारण त्यानंतर अकोल्याचं ऊन कोणाचं ऐकत नाही. गाणी, गोष्ट, वचनाचं पाठांतर, कागदाच्या वस्तू आणि शेवटी सरबत-बिस्किटं. काही वर्षांपासून आम्ही तीन-चार जणी बार्शीटाकळीच्या बाजूच्या एका खेड्यातही असाच वर्ग घेतो. मंडळीतल्या घरांची मुलं येतात, सुट्टीत मामाकडे-मावशीकडे आलेली येतात. मी गोष्टी सांगते. निवृत्त मास्तरीणबाईला दुसरं काय येतं?

यंदा काय झालं ते आधी सांगते, मग भांडते.

वर्गात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. घरचं दोन एकर वावर, विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग लावलेला. सोमवारी आली, मंगळवारी आली. मंगळवारी रात्री ढग भरून आले. ज्यांना शेतीतलं ठाऊक नाही त्यांना सांगते, उपटून ठेवलेल्या भुईमुगावर वळवाचा पाऊस पडला की शेंगा काळ्या पडतात, कोंब फुटतात, आणि व्यापारी त्या हातातही घेत नाही. बुधवारी आणि गुरुवारी ते सगळं घर, आजीसकट, पहाटेपासून शेंगा तोडायला वावरात. उन्हाळ्यात शेतातलं काम सकाळीच होतं. नेमकी तीच आमच्या वर्गाची वेळ.

शुक्रवारी ती आली. चुकलेल्या दोन दिवसांची वचनंसुद्धा तिनं घडाघड म्हणून दाखवली. चुलत बहिणीकडून संध्याकाळी पाठ करून घेतली होती. मग बक्षिसं वाटली. पाचही दिवस हजर असणाऱ्यांना स्टीलचा डबा, बाकीच्यांना पेन्सिल. तिला पेन्सिल मिळाली. मी तिला जवळ घेऊन काहीतरी बोलायला गेले, तर तीच म्हणाली, "राहू द्या बाई. शेंगा त वाचल्या."

डबे अकरा मुलांना मिळाले. त्यांतली बहुतेक शहरातून सुट्टीला आलेली, दोन दुकानदाराची, एक नोकरदाराचा. ज्यांच्या घरी शेती तेच पोट भरण्याचं साधन आहे, अशा घरातलं एकच पोर, आणि तेही वयानं इतकं लहान की वावरात त्याचा काही उपयोग नव्हता.

आता गंमत ऐका. बुधवारी, म्हणजे ती गैरहजर होती त्या दिवशी, मी कुठली गोष्ट सांगितली? मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली, द्राक्षमळ्यातल्या मजुरांची. मळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस बुडायला तासभर असताना आणखी काही जणांना कामावर घेतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला दिलं ना? मग मी चांगला वागलो याचं तुम्हाला दुःख का?

आमच्या पोरांनी द्राक्षमळा कुठे पाहिलाय? म्हणून मी ती गोष्ट कापूस वेचणीवर नेऊन सांगते. एका पोरानं लगेच विचारलं, "बाई, वेचणी रोजानं का किलोनं?" म्हटलं रोजानं. तर म्हणतो, "मंग पहाटे काऊन जाव?" प्रश्न रास्त आहे. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. दिवसभर ज्याला कोणी कामावर बोलावलंच नाही, त्याच्याही घरी चूल पेटायची असते, हे त्यांना चटकन समजलं. मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजलं.

आणि शुक्रवारी आम्ही त्याच मुलांसमोर तास मोजून डबे वाटले! बुधवारी तोंडानं जे शिकवलं, ते शुक्रवारी हातानं पुसलं. मुलं आपलं बोलणं विसरतात, वागणं विसरत नाहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं तरी मला कळलं आहे.

बायबल उघडून पाहिलं तर हजेरीची ही हौस मला कुठे सापडत नाही. पहिल्या शमुवेलाचा सोळावा अध्याय घ्या. शमुवेल संदेष्टा राजा निवडायला इशायाच्या घरी येतो. सात मुलगे ओळीनं समोर उभे केले जातात. आठवा गैरहजर. तो मेंढरांकडे गेलाय, आणि त्याला बोलवावं असं घरच्या कोणाच्या डोक्यातही नाही. शमुवेल म्हणतो, तो येईपर्यंत आम्ही जेवायला बसणार नाही. तो गैरहजर मुलगा म्हणजे दावीद. गिदोनाला बोलावणं येतं तेव्हा तो मिद्यान्यांपासून लपवून गहू झोडत असतो. एलीया अलीशावर झगा टाकतो तेव्हा अलीशा नांगर हाकत असतो, पुढे बारा जोड्या. बेथलेहेमची बातमी सर्वांत आधी रात्रपाळीच्या मेंढपाळांना कळते. ही सगळी माणसं कामावर होती, आणि देव त्यांच्याकडे वावरात गेला. आमच्या रजिस्टरमध्ये यांच्या नावापुढे काय आलं असतं? 'गै.'

हे मी आमच्या बैठकीत बोलले. तीन उत्तरं मिळाली.

पहिलं, मुलांना शिस्त लागायला हवी. मान्य. पण पहाटे चारला उठून बैलाला कडबा टाकणारं, मोटारीची लाइट रात्री दोनला आली तर बापाबरोबर बॅटरी घेऊन जाणारं पोर बेशिस्त, आणि मामीनं आंघोळ घालून आणून सोडलेलं पोर शिस्तीचं, हा कुठला हिशेब?

दुसरं, बाई, तुम्ही बालमजुरीची बाजू घेताय. हा आरोप मला लागला, म्हणून नीट उत्तर देते. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला सगळीकडे बंदी आली, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला, धोक्याचं नसेल तर, मदत करायची मुभा ठेवली. या मुभेचा गैरफायदा घेतला जातो हे मला दिसतं. फवारणीच्या जवळपासही पोर जाऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. शाळा बुडवून वेचणीला नेणाऱ्या बापांशी मी आयुष्यभर भांडले. पण सुट्टीतल्या दोन सकाळी आजीशेजारी बसून शेंगा तोडणं हा गुन्हा नाही. आणि असलाच, तरी त्याची शिक्षा त्या मुलीला का?

तिसरं उत्तर हळू आवाजात आलं. देणगी देणाऱ्यांना आकडे दाखवावे लागतात. यावर मी काय बोलू? निदान खरं कारण तरी कळलं.

आपल्या या कामाचा उगम लोक विसरतात याचं वाईट वाटतं. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली. रविवारच का? तर ती मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबत होती. त्यांनी मुलांची सवड पाहिली आणि शाळा तिथे नेऊन बसवली. आणि आमच्या वऱ्हाडातच बघा ना. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुलं अलायन्स मिशनने सांभाळली, अकोल्यात मुलगे आणि खामगावात मुली. दारात आलेल्या त्या उपाशी पोरांना कोणी पाच दिवसांची हजेरी विचारली नव्हती.

सरकारवर आपण एरवी टीका करतो, पण सरकारलाही एकदा हे कळलं होतं. १९९२ साली महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतल्या गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. रुपया तो काय, पण विचार बरोबर होता. शाळेत येण्यानं जिच्या घरचा रोज बुडतो, तिला द्या. आम्ही नेमकं उलटं करतो, ज्याचं काहीच बुडत नाही त्याला डबा देतो.

आता माझं स्वतःचं पाप सांगते, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मीही वर्षानुवर्षं वाटलं. दर २६ जानेवारीला, टाळ्या वाजवून. ते तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, माझ्याच सहकाऱ्यांच्या मुलांना जायचं. मी स्वतः सात एकरवाल्या शेतकऱ्याची मुलगी. दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटली की ओटी बांधून आईबरोबर वेचणीला जायची आणि परत शाळेत गेले की बाकावर उभी राहायची. बोटांना बोंडाच्या टोकांनी ओरखडे पडलेले असायचे, ते फ्रॉकमध्ये लपवायची. तीच मी पुढे खुर्चीवर बसले आणि तेच केलं. कोणी सांगितलं नाही म्हणून केलं, हे काही उत्तर नव्हे. मलाच आठवायला हवं होतं.

म्हणून पुढच्या वर्षासाठी मी तीन गोष्टी मागितल्या आहेत. खेड्यातला वर्ग संध्याकाळी पाच ते सात घ्या, तोवर वावरातली माणसं घरी येतात आणि ऊनही उतरतं. वस्तू द्यायची तर आलेल्या प्रत्येकाला सारखी द्या, शेवटच्या दिवशी आलेल्यालाही. आणि पेरणाऱ्याची गोष्ट तरी चित्र दाखवून नको, कोणाच्या तरी धुऱ्यावर उभं राहून सांगू द्या. खडकाळ जागा कुठली, वाट कुठली, हे पोरंच आम्हाला दाखवतील.

पाळकसाहेब म्हणाले, बघू. 'बघू'चा अर्थ मला कळतो.

त्या मुलीला बाजारातून एक डबा आणून द्यावा असं मनात आलं होतं. नाही दिला. ती माझी दया झाली असती, आणि तिची चूक काही नव्हतीच. निघताना तिच्या आजीनं मात्र माझ्या पिशवीत शेरभर शेंगा ओतल्या. मी पाच दिवसांपैकी किती दिवस आले होते, ते त्या माउलीनं विचारलं नाही.

पुढच्या मे महिन्यात, देवानं ठेवलं तर, मी पुन्हा जाईन. गोष्टी सांगेन. रजिस्टर मात्र हातात धरणार नाही.