पाटी मराठीत, दुकान इंग्रजीत

माझी आत्या वाईला राहते. वय चौसष्ट. यंदा तिने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तीन महिने, फी सहा हजार. मला आधी कौतुकच वाटलं. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अरे, मोबाइलवरून फुलं मागवता आली पाहिजेत ना!"

झालं असं, की कोथरूडची तिची शाळेपासूनची मैत्रीण मोठ्या आजारातून उठून घरी आली. आत्याचे गुडघे दुखतात, एसटीने जाणं जमेना. म्हणून ॲपवरून फुलं पाठवायचं ठरवलं. सगळं ॲप इंग्रजीत. शेजारच्या मुलीला विचारत विचारत नाव, पत्ता, पिनकोड भरला, पैसे भरले. (निमित्त निवडायच्या यादीत 'गेट वेल सून' होतं. "यात सुनेचा काय संबंध?" असं आत्या अजून सगळ्यांना विचारते. कळतं तिला सगळं.) कार्डावर मात्र तिने स्वतः चार ओळी मराठीत लिहिल्या. पन्नास वर्षांच्या मैत्रीच्या चार ओळी.

फुलं पोचली. कार्डावर चार ओळी रिकामे चौकोन छापून आले.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तेव्हा जन्मलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. तरी आत्याच्या चार ओळी छापता येत नाहीत, याला तांत्रिक अडचण म्हणायचं नाही. कुणाला गरजच वाटली नाही, एवढंच.

आत्याने कस्टमर केअरला फोन लावला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. दोन दाबून ती वाईच्या हिंदीत जमेल तसं सांगू लागली. पलीकडचा मुलगा शेवटी हळूच म्हणाला, "काकू, मी लातूरचाच आहे. पण इथे मराठीत बोलायला परवानगी नाही." मराठी बाई, मराठी मुलगा, तक्रार मराठी कार्डाची, आणि बोलायचं मोडक्या हिंदीत! आत्याला वाटलं, आपलंच चुकलं. तिने क्लास लावला.

क्लासच्या पुस्तकात खरंच धडा आहे, फोनवरून फुलं मागवण्याचा. 'प्लीज' आहे, 'थँक यू' आहे, ट्यूलिपसुद्धा आहेत. फुलं सुकलेली आली, माझे पैसे परत करा, हे कसं म्हणायचं ते मात्र पूर्ण पुस्तकात नाही. मी शोधलं.

इंग्रजीशी माझं भांडण नाही. जगातलं वाचायला, पोटापाण्याला, हौसेला कुणीही शिकावी. पण विकणाऱ्याला आपली भाषा येत नाही म्हणून पैसे देणाऱ्याने क्लास लावायचा, हा कुठला धंदा? फुलं घरपोच येणं आपल्याला काही नवीन नाही. सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जाणाऱ्याने कुणाला कधी फॉर्म भरायला लावला नाही. गुलटेकडीच्या बाजारात आजही साधा गुलाब गड्डीवर आणि डच गुलाब वीस नगांवर विकला जातो, आणि सौदा मराठीतच होतो. मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब परदेशातही जातात. ती फुलं इथल्याच माणसाच्या दारात यायची म्हटली, की मध्ये इंग्रजीची चौकी!

२०२२ मध्ये कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली. आपण पेढे वाटले. पण मोबाइलमधल्या दुकानाला पाटीच नाही, मग सक्ती कशावर करणार? त्याचं काउंटर मराठीत हवं, असं फारसं कुणी ठणकावून सांगत नाही. त्याऐवजी आपण रिक्षावाल्याला आणि वडापाववाल्याला दटावतो. त्यात शौर्य कसलं? फुलं घेऊन येणारा परप्रांतीय पोरगा चार महिन्यांत "काकू, खाली या" शिकतो. कोट्यवधींच्या कंपनीला तेवढं जमत नाही?

आता कामाचं सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तक्रार मराठीत चालते, खरेदी नाही!" दुसऱ्या दिवशी तिने १९१५ ला फोन केला. कार्डाचा फोटो मैत्रिणीने जपून ठेवलाच होता, चौकोनांसकट.

क्लास चालूच आहे, फी परत मिळत नाही म्हणून. पुढचा धडा हॉटेलात टेबल राखून ठेवण्याचा आहे.