दर उतरविल्यानंतरचा हिशेब

सणासाठी भरलेला माल पडून राहिला की दर उतरवावा लागतो, हे तीर्थपुरीच्या कापड दुकानदारास कोणी शिकवावे लागत नाही. अवघड प्रश्न पुढचा असतो : महिन्यापूर्वी पूर्ण दराने माल नेलेले गिऱ्हाईक पुन्हा पेढीवर आले, तर त्यास काय सांगावे?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीपुढे २०११ साली हाच प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारीत तिने ‘थ्रीडीएस’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र २५,००० येनला बाजारात आणले. चष्म्यावाचून चित्राची खोली दाखविणारा पडदा नवलाचा होता. परंतु त्यावर खेळण्याजोगे नामवंत खेळ मोजकेच. नवलाई पाहावयास लोक येतात, थैली सोडतातच असे नाही. ऑगस्टमध्ये दर एकदम १५,००० येनांवर आला. त्यापूर्वी यंत्र घेणाऱ्यांना कंपनीने वीस जुने खेळ विनामूल्य देऊ केले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. भरपाई रोख नव्हती, हे खरे. तरी पहिल्या गिऱ्हाइकाचे देणे मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

स्वस्ताईने आलेले गिऱ्हाईक टिकले ते मात्र खेळांमुळे. वर्षअखेरीस ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ व ‘मारिओ कार्ट ७’ आले. पुढे साडेसात कोटींहून अधिक यंत्रे खपली. त्याच कंपनीच्या २०१२ मधील ‘वी यू’चा दरही अमेरिकेत वर्षभरातच घटविला गेला. परंतु इतर कंपन्यांनी त्यासाठी खेळ करणे जवळजवळ थांबविले होते. त्याचा एकूण खप सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच राहिला.