अकरा महिन्यांचे कारकून

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली, तेव्हा डाव्या आणि समाजवादी वर्तुळातूनही तिला फारसा विरोध झाला नाही. बेकार तरुणाच्या हाती सहा महिने का होईना दोन पैसे पडत असतील तर आडवे कशाला यावे, असा एक सद्हेतूचा विचार त्यामागे होता. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये; वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट; मुदत सहा महिने, आणि २०२५ मध्ये ती वाढवून अकरा महिने. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे वेगळे सांगावयास नको. ‘लाडक्या बहिणी’च्या पाठोपाठ ‘लाडका भाऊ’ आला आणि नाशिक जिल्ह्यातही तहसील कचेऱ्यांपासून ग्रामपंचायतींपर्यंत टेबलांच्या कडेला जास्तीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या.

या खुर्च्यांवर बसलेल्या मुलामुलींना नेमके काय शिकविले गेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. प्रशिक्षण या शब्दाला काही अर्थ आहे. शिकविणारा कोणी असावा लागतो, शिकण्याचा क्रम असावा लागतो, आणि शेवटी शिकलेल्या गोष्टीचा उपयोग होईल अशी जागा असावी लागते. येथे पहिल्या दोहोंची शाश्वती नव्हती आणि तिसरीचा तर योजनेतच स्पष्ट नकार होता. मुदत संपली की प्रमाणपत्र घ्यावे आणि घरी जावे. कामगार कायद्यांचे संरक्षण नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, नोकरीवर हक्क नाही. काम मात्र खरे होते. अर्ज संगणकात भरणे, आवक-जावक नोंदविणे, पोच देणे, याद्या करणे, लाभार्थींची खाती जुळविणे, हे काम उमेदवाराच्या सरावासाठी मुद्दाम निर्माण केलेले नसते. ते कचेरीचे रोजचे काम असते आणि ते करणाऱ्याची जागा रिकामी असल्यामुळेच ते साचलेले असते.

थोडा हिशेब मांडू. बारावी झालेल्या प्रशिक्षणार्थीचे ६,००० रुपये महिन्याच्या सव्वीस दिवसांत विभागले तर दिवसाला सुमारे २३१ रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे पेठ तालुक्यातील एखादी मुलगी तहसील कचेरीत बसून हमीच्या कामाचे हजेरीपत्रक संगणकात भरत असेल, तर त्या पत्रकावर जिच्या नावापुढे खूण आहे त्या तिच्या आईला कायद्याने मिळणारा दिवसाचा दर मुलीपेक्षा सहासष्ट रुपयांनी जास्त होता. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट आहे आणि तिचा दर पुरेसा आहे असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. पण तोही दर ज्या सरकारला कचेरीत पाळावासा वाटत नाही, त्याने ‘कौशल्यविकास’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी थोडी लाज बाळगावी. पदवीधराच्या १०,००० रुपयांची तुलना लिपिक-टंकलेखकाच्या वेतनश्रेणीशी करावी. ती सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १९,९०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे निराळे. समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्याच्या खटल्यात २०१६ साली सांगितले आहे. त्यातून निसटण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? कर्मचाऱ्याला कर्मचारीच म्हणावयाचे नाही, प्रशिक्षणार्थी म्हणावयाचे.

अकरा महिन्यांचा आकडाही निरागस नाही. शहरात घर भाड्याने देणारा मालक करार अकरा महिन्यांचा करतो, तो का, हे प्रत्येक भाडेकरूस ठाऊक असते.

याची सुरुवात मात्र २०२४ मध्ये झालेली नाही. कचेरीतील नोकरीची तयारी करण्याचा सारा खर्च उमेदवाराच्या माथी मारण्याची रीत फार जुनी आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अथवा इंग्रजीची ४० शब्दांची गती लागते, आणि ती शासनमान्य परीक्षेने सिद्ध करावी लागते. ही गती शाळा शिकवीत नाही, महाविद्यालय शिकवीत नाही, शासनही शिकवीत नाही. ती शिकविली गावोगावच्या खासगी टंकलेखन संस्थांनी. नाशिकला शालिमार, रविवार कारंजा या भागांत माडीवरच्या खोल्यांतून सकाळी सातपासून यंत्रांचा खडखडाट चाले. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून एस.टी.ने येणारी मुले एका तासाच्या सरावासाठी अर्धा दिवस मोडीत. गोदरेजने यांत्रिक टंकलेखन यंत्रे बनविणे २००९ च्या सुमारास थांबविले आणि पुढे परीक्षाही संगणकावर गेली. पण फी राहिली, ये-जा राहिली, प्रमाणपत्राची सक्ती राहिली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि एमएस-सीआयटी हे आणखी एक प्रमाणपत्र उंबरठ्यावर येऊन बसले.

या संस्थांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. उलट, शहरातील कनिष्ठ मध्यमवर्गाच्या, दलित वस्तीतील आणि खेड्यातील मुलींना घराबाहेर पडून स्वतःच्या पगाराची स्वप्ने पाहता आली ती पुष्कळदा याच माडीवरच्या खोलीतून. महाविद्यालयाची फी न परवडणाऱ्या कित्येकींसाठी उघडे असलेले दार हेच होते. प्रश्न त्या दाराला लावलेल्या टोल-नाक्यांचा आहे. आधी टंकलेखनाची फी, मग एमएस-सीआयटीची, मग कॉलेज रोडवरील स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीची, मग भरतीच्या अर्जाची. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांच्या जाहिरातीला दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क होते खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९००. बेकारांनी शंभर कोटींच्या आसपास रक्कम नुसत्या अर्जापायी मोजली. त्या परीक्षेच्या पहिल्याच दिवशी नाशिकच्या म्हसरूळ भागातील केंद्राबाहेर वॉकीटॉकी आणि टॅब बाळगणारा इसम पोलिसांनी पकडला. टंकलेखनाच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्तच डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात अटकेत गेले होते. उमेदवाराने पात्रता सिद्ध करावयाची ती अशा व्यवस्थेपुढे!

आता कोणी म्हणेल की एवढा गहजब कशासाठी? कारकुनी ती काय, आणि तिचे प्रशिक्षण ते काय! हा तुच्छतेचा सूर उजवीकडून येतो तसा डावीकडूनही येतो, म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. इंग्रजी अमदानीतील शिक्षणातून कारकून आणि पंतोजी तेवढे निपजतात, अशी टीका महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात केली होती, आणि ती रास्त होती. परंतु त्यांचा रोख शिक्षणाच्या संकुचितपणावर आणि ते मूठभरांपुरते राखले जाण्यावर होता. कारकुनाची जागा बहुजनांनी सोडून द्यावी, असे त्यांनी कोठेही सुचविलेले नाही. गरिबाच्या दृष्टीने राज्य म्हणजे मंत्रालय नव्हे. राज्य म्हणजे तालुक्याच्या कचेरीतील खिडकी आणि तिच्यामागे बसलेला माणूस.

वनहक्काचेच घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी चालत गेले, त्यांच्या मागण्यांत याच दाव्यांचा निकाल अग्रभागी होता. कायदा तर बारा वर्षांपूर्वीच झाला होता! दावे अडतात त्यात राजकीय इच्छेचा अभाव आहेच. पण सुरगाण्याच्या माणसाला जाणवतो तो कागदाचा अभाव. नकाशा जोडलेला नाही, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत नस्तीत सापडत नाही, फेटाळण्याचे कारण लेखी कळविलेले नाही, अपिलाची मुदत सांगितलेली नाही. यांतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा लिपिकाच्या हातून झालेली अथवा राहिलेली असते. टिपणी कशी लिहावी, कोणते अभिलेख कायम जपावयाचे आणि कोणते मुदतीनंतर नष्ट करावयाचे, सहा गठ्ठ्यांत दप्तर कसे लावावे, एकवीस गाव नमुन्यांपैकी कशात काय मिळते, माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत काय उत्तर द्यावे लागते, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा नागरिकाला काय देतो, हे सारे शिकावे लागते. मिनिटाला ३० शब्दांच्या गतीने ते येत नाही आणि अकरा महिन्यांच्या पाहुणेपणातही येत नाही. येऊ लागते तोच मुदत संपते, नवा पाहुणा येतो, आणि खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्याला आपली हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

कारकून कसा घडवावा हे शासनाला ठाऊक नाही असेही नाही. नेमणुकीनंतर परिवीक्षा, मग सेवाप्रवेशोत्तर परीक्षा, महसूल खात्यात बढतीसाठी अर्हता परीक्षा, ही शिडी त्यानेच उभारलेली आहे. नाशिकच्याच त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. तेथे फौजदार होणाऱ्या तरुणाची निवड आधी होते आणि प्रशिक्षण मग. त्याला कोणी सांगत नाही की अकरा महिने कवायत कर, प्रमाणपत्र घे आणि घरी जा. दंडुका हाती देताना राज्याला जी जबाबदारी उमगते, ती दप्तर हाती देताना का उमगू नये?

याचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १४ मार्च २०२३ रोजी जुन्या पेन्शनसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच तारखेचा शासननिर्णय निघाला तो नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा. सप्टेंबरात तो विस्ताराने पुन्हा काढण्यात आला, आणि राज्यभर संताप उसळल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला. नऊ महिन्यांनी ‘प्रशिक्षण’ आले. कंत्राटदार मधून गेला एवढाच फरक; कायम पद न भरता काम करून घेण्याचे सूत्र तेच. दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून आत आला आणि त्याचे टाळ्यांनी स्वागत झाले! २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतील रोजंदारी शिक्षक व कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड मांडले तेही बाह्यस्रोत भरतीविरुद्धच.

कायम पदाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे बिंदुनामावली. अनुसूचित जातींना केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा १९४३ साली मिळाल्या त्या डॉ. आंबेडकरांच्या आग्रहामुळे. प्रशासनात आपली माणसे नसतील तर कायद्याने दिलेले अंमलबजावणीत हिरावले जाते, हे त्यांनी ओळखले होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या शहराने पाहिला, त्या शहरात हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पद रिकामे ठेवून त्यावर प्रशिक्षणार्थी बसविला की आरक्षण रद्द केल्याचा आरोपही येत नाही आणि राखीव जागा भरावीही लागत नाही.

‘तिजोरीत पैसा नाही’ या युक्तिवादाला फार जागा देण्याचे कारण नाही. दहा लाख प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन देण्याची भाषा करणारी तिजोरी रिकामी नसते. ‘संगणक आल्यावर कारकून हवेत कशाला’ या आक्षेपाला उत्तर सरकारनेच दिले आहे. २०२३ च्या आरंभी लोकसेवा आयोगाने ८,१६९ पदांची जाहिरात काढली, त्यांत ७,०३४ पदे लिपिक-टंकलेखकांची होती.

अधिक अवघड प्रश्न आपल्याच माणसांना विचारावयाचा आहे. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. त्या पिढीने मिळविलेल्या सुरक्षिततेच्या सावलीत आजचा कायम कर्मचारी बसलेला आहे. त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्याचे काम हलके करणारी मुलगी त्याच्या संघटनेची सभासद होऊ शकत नाही, आणि ती व्हावी असे त्यालाही तळमळून वाटत नाही. प्रशिक्षणार्थींनी मुदतवाढीसाठी आणि कायम करण्यासाठी मोर्चे काढले, ते बहुतांशी एकट्याने. कायम कर्मचारी स्वतःच्या पेन्शनसाठी रस्त्यावर आला तेव्हा त्याची बाजू न्याय्यच होती. पण शेजारच्या खुर्चीवर दिवसाला २३१ रुपये पडत असतील, तर त्याच्या १९,९०० च्या श्रेणीचे आयुष्यही फार उरलेले नाही, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

सगळ्या प्रशिक्षणार्थींना सरसकट कायम करा, ही मागणी भावनेला पटणारी आहे. पण तिच्यातही एक खोट आहे. त्यांची निवड आरक्षणाची बिंदुनामावली लावून झालेली नाही आणि उमादेवी खटल्यातील २००६ चा निकाल आडवा येतो. त्याऐवजी रिक्त लिपिक पदे आयोगामार्फत भरा, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेल्या कामाला त्या भरतीत अनुभवाचे गुण आणि वयात सवलत द्या, निवड झाल्यावर पहिले वर्ष पूर्ण वेतनावर रीतसर प्रशिक्षण द्या, आणि टंकलेखनाची गती त्याच वर्षात मिळविण्याची मुभा ठेवा, अशी मागणी टिकणारी आहे. तिच्यासाठी नवी संस्थाही काढावी लागणार नाही. ज्यांना नेहमीच्या महाविद्यालयाची वाट बंद आहे त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला गोवर्धनच्या माळावर उभे आहे. पुण्यात अधिकाऱ्यांसाठी ‘यशदा’ असू शकते, तर कारकुनांसाठी या विद्यापीठाचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत का असू नयेत?

तोवर करावयाचे काम छोटे आणि चिकाटीचे आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या तहसील आणि पंचायत समिती कार्यालयांत माहिती अधिकाराखाली तीन गोष्टी मागाव्यात: लिपिकांची मंजूर पदे किती, त्यांपैकी रिक्त किती व कधीपासून, आणि या योजनेखाली घेतलेल्या प्रशिक्षणार्थींना कोणती कामे लेखी आदेशाने नेमून दिली होती. दहा रुपयांचा अर्ज आहे. आलेली उत्तरे तालुक्याच्या नावानिशी या पानावर छापण्यात येतील.