चोर सोडून संन्याशाला फाशी!

वटवाघूळ! नुसतं नाव काढलं तरी आपल्याकडे लोक नाक मुरडतात. भूत, अंधार, अपशकुन... आणि कोरोनानंतर तर विचारूच नका. सध्या आपल्या हॉस्टेलमध्ये एका अर्जावर सह्या घेणं जोरात चालू आहे. मागणी एकच : मेसमागचं चिंचेचं झाड तोडा, कारण त्यावर वटवाघळं लटकतात आणि म्हणे "त्यांच्यात हर्पिस असतो". मी सही केलेली नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. वटवाघूळ मला आधी बॅटमॅनच्या छातीवर भेटलं, झाडावर नंतर. त्यामुळे अपशकुनाची भीती नाही. प्रश्न फक्त रोगाचा.

मित्रांनो, हर्पिस हा एकच विषाणू नाही, ते एक मोठं खानदान आहे. माणसाच्या वाट्याला त्यातले नऊ आले आहेत. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तोच विषाणू अंगात गुपचूप दडून बसतो आणि पुढे कधीतरी 'नागीण' होऊन बाहेर पडतो. म्हणजे हर्पिस चिंचेवरून खाली येण्याची वाट बघायला नको. तो आपल्या खोल्यांत आधीच राहतोय, तेही मेसचं बिल न भरता!

वटवाघळांचे हर्पिस वेगळे. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी युरोपातल्या वटवाघळांत असे आठ नवे विषाणू शोधले, पुढे इतर देशांतही सापडले. पण वटवाघळाचा हर्पिस माणसाला झाल्याची नोंद आजवर एकही नाही. हे विषाणू लाखो वर्षं आपापल्या यजमानाबरोबर घडत आलेत. एका प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर सहसा चालत नाही, तसंच काहीसं.

मग धोका शून्य? तसंही नाही. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुण डॉक्टरला प्रयोगातलं माकड चावलं. माकडाला किरकोळ वाटणाऱ्या 'बी' हर्पिसने त्या डॉक्टरचा जीव घेतला. मेंढीत निमूट राहणारा एक हर्पिस गाई-म्हशींना मारतो. आणि आपल्या ओठावर तापानंतर फोड आणणारा विषाणू? तो छोट्या मार्मोसेट माकडांचा जीव घेतो. त्यांच्या हॉस्टेलात अर्ज निघाला तर तो आपल्याविरुद्ध असेल!

या प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट समान आहे. विषाणूने उडी मारली ती पिंजऱ्यात, गोठ्यात, म्हणजे माणसाने प्राण्यांना एकमेकांच्या किंवा स्वतःच्या फार जवळ आणलं तिथे.

आता कोणी निपाहचं नाव काढेल. ते घराणं वेगळं, पण मुद्दा रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यात निपाहच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. केरळात २०१८ च्या साथीत १७ माणसं गेली. म्हणजे सावध राहायलाच हवं. पण सावध म्हणजे कुऱ्हाड नव्हे. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूच्या २५ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की जंगल तुटलं, खाणं संपलं, की उपाशी वटवाघळं वस्तीजवळ येतात आणि विषाणूही जास्त बाहेर टाकतात. चिंच तोडली तर ती काय वाशीम जिल्हा सोडून जातील? पुढच्या झाडावर, कदाचित एखाद्या गोठ्यावर जातील!

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातल्या काळविटांचं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण वडा-उंबराच्या बिया दूरवर पेरणाऱ्या वटवाघळाला १९७२ च्या कायद्याने उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' यादीत टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. कायदा बदलला, आपण कधी बदलणार?

परवा सह्यांचा कागद पाहून आपले वॉचमन मामा म्हणाले, "काहून तोडता बाप्पा झाड? आमच्या आज्याच्या वख्तापासून हायेत ते तठी." मामांकडे ना डिग्री, ना इंटरनेट. पण प्रश्न त्यांचाच बरोबर आहे.

माझा अर्ज वेगळा आहे. एक, त्या झाडाखालच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण बसवा. कित्येक महिने ती उघडीच आहे. दोन, मेसची भांडी झाडाखाली वाळत घालणं बंद करा. तीन, उष्टी, चोच-दात लागलेली फळं खाऊ नका आणि पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. सगळा खर्च एका झाकणाचा!

आपण उद्याचे इंजिनिअर. बिघाड टाकीत असताना झाड तोडणं हे कोणतं इंजिनिअरिंग? सही करायचीच असेल तर या अर्जावर करा. कागद मेसच्या नोटीस बोर्डावर लावलाय, पेनसुद्धा बांधून ठेवलंय. (कृपया पेन नेऊ नये!)