शास्त्रीय टांचणें : एक रांग कीं अनेक?

संगणकाची गति केवळ त्याच्या प्रोसेसरवर अवलंबून असते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. परंतु प्रोसेसर कितीही चपळ असला, तरी हार्ड डिस्कवरून माहिती हातीं येईपर्यंत त्यास स्वस्थ बसावें लागतें. ही ने-आण सांभाळणारा भाग कार्यप्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, असतो. लिनक्स प्रणालींत या भागाची जी पुनर्रचना झाली, तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेहमींच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात, व हवी ती जागा हेडखालीं येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो; हेड सरकण्याचा वेळ निराळाच. विखुरलेल्या जागांवरचीं शंभर-सवाशें कामें सेकंदास झालीं, तरी पुष्कळ म्हणावयाचीं! म्हणून कर्नेलनें मागण्या एका रांगेंत गोळा करून, शेजारशेजारच्या जुळवून, मगच डिस्ककडे धाडण्याची रीत पाडली. टपालवाला पत्रें आल्या क्रमानें न वाटतां आळीवार लावून घेतो, तसलेंच हें. या जुळवाजुळवीस लागणारा वेळ डिस्कच्या मंदपणापुढें कोणाच्या खिजगणतींतही नव्हता.

पुढें फिरता भाग मुळींच नसलेलीं साधनें आलीं. त्यांच्यासाठीं २०११ सालीं ठरलेल्या एनव्हीएमई संकेतानुसार एका साधनास ६५,५३५ पर्यंत रांगा ठेवतां येतात. तत्पूर्वींच्या एएचसीआय पद्धतींत रांग एकच व तींत मागण्या अवघ्या ३२. साधन असें सहस्रबाहु झालें, पण कर्नेलमधील रांग मात्र एकटी, आणि तिला कुलूपही एकच! एका प्रोसेसरनें तें हातीं घेतलें कीं बाकीच्यांनीं दाराशीं तिष्ठत राहावें. ब्योर्लिंग, आक्स्बो व त्यांचे दोन सहकारी यांनीं २०१३ सालच्या निबंधांत दाखविलें कीं, कितीही प्रोसेसर जोडले तरी ही जुनी रचना सेकंदास सुमारें आठ लक्ष मागण्यांपुढें जात नाहीं.

त्यांचा उपाय साधा होता. प्रत्येक प्रोसेसरास त्याची स्वतःची रांग द्यावी, व तेथून मागण्या साधनाच्या रांगांकडे वळवाव्या. जानेवारी २०१४ मधील ३.१३ या आवृत्तींत ही योजना दाखल झाली.

येथें एक गोष्ट आमच्या मतें नीट ध्यानांत घेतली गेली नाहीं. नव्या रचनेंत आरंभीं जुळवाजुळवीची सोयच नव्हती. श्रीमंत यंत्रांस ती नको होती. पण ज्यांच्या घरीं फिरती डिस्क होती, त्यांचें काय? ती उणीव २०१७ सालीं भरून निघाली. ४.११ आवृत्तींत नव्या रचनेस क्रम लावण्याची सोय मिळाली, आणि ४.१२ मध्यें पाओलो वालेंते या इटालियन अध्यापकांची बीएफक्यू नांवाची पद्धति आली. ही पद्धति प्रत्येक कार्यक्रमास डिस्कच्या कामाचा ठराविक वांटा देते. त्यामुळें एकीकडे मोठी फाइल उतरत असतांही दुसरीकडे पत्र उघडण्यास खोळंबा होत नाहीं. इतकें झाल्यावरच, मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तींत, जुनी एकेरी रांग कायमची काढून टाकण्यांत आली.

ज्या वाचकांच्या लिनक्स संगणकांत अद्याप फिरती डिस्क आहे, त्यांनीं बीएफक्यू अवश्य लावून पाहावी. एनव्हीएमई असल्यास कसलीच पद्धति न लावणें बहुधा बरें.