भूकंपमापकांचे जाळे विस्तारले. प्रश्न मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीचा

कराड : राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या जाळ्यातील वेधशाळांची संख्या २०१४ मधील ८० वरून १६० च्या पुढे गेली आहे. सरकारी निवेदनांत हा आकडा आवर्जून दिला जातो आणि तो महत्त्वाचाही आहे. तथापि वेधशाळा उभारली जाणे आणि वर्षाचे ३६५ दिवस ती नोंदी घेत राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर बहुतेक वेळा महागड्या भूकंपमापकामुळे नव्हे, तर त्याला वीज पुरविणाऱ्या बॅटरी, सौरपट्ट्या आणि चार्ज कंट्रोलर अशा दुय्यम समजल्या जाणाऱ्या सामग्रीमुळे पडते.

भूकंपमापक मुद्दाम वीजवाहिनीपासून दूर बसवावा लागतो. रस्त्यावरची वाहने, रेल्वे, गिरण्या, पाण्याचे पंप यांची थरथर जमिनीतून किलोमीटरभर जाते आणि तीत सूक्ष्म धक्के बुडून जातात. तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे सुंदरपेरुमाळ कोयिल हे या दृष्टीने उलटे उदाहरण आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या गावाला तंजावर–कुंभकोणम लोहमार्गावर स्थानक आहे, भोवती भातशेती आहे आणि शेतीपंपांना राज्यात मोफत वीज मिळते. वीज दारात आहे. पण खाली गाळाचे जाड थर, बाजूला रेल्वे आणि शिवारभर चालणारे पंप असल्यामुळे सूक्ष्म नोंदीसाठी ही जागा फारशी कामाची नाही. जेथे खडक उघडा आणि परिसर निवांत, तेथे विजेचा खांब सहसा पोहोचलेला नसतो. पोहोचला तरी त्याचा भरवसा किती, हे याच त्रिभुज प्रदेशाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळात अनुभवले. खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे केंद्र अर्थातच कोयना आहे. १९६२ मध्ये शिवाजीसागर जलाशय भरण्यास आरंभ झाल्यानंतर या भागात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० जणांचा बळी गेला. त्या धक्क्याची नोंद धरणाच्या गॅलरीत बसविलेल्या त्वरणमापकावर झाली आणि काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम तपासताना जगभरचे अभियंते आजही ती वापरतात. एक उपकरण योग्य जागी, योग्य क्षणी चालू असण्याचे मोल यावरून लक्षात यावे. तेव्हापासून या परिसरात पाच किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के झाले आहेत. हे सारे जेमतेम ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद पट्ट्यात घडत असल्याने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे भूपृष्ठावरील भूकंपमापकांचे दाट जाळे विणले. त्याच्या जोडीला एक ते दीड किलोमीटर खोलीच्या विंधन छिद्रांतही उपकरणे सोडण्यात आली, तर गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र घेण्यात आले.

विसंगती अशी, की १,९६० मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरातील दुर्गम केंद्राला काही वॅट विजेची चिंता करावी लागते. हा हिशेब घरगुती इन्व्हर्टरच्या भाषेत मांडता येतो. भूकंपमापक आणि त्याचे संकेत अंकांत बदलणारा डिजिटायझर यांना मिळून साधारण पाच वॅट पुरतात. म्हणजे दिवसाला १२० वॅट-तास, अर्थात बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास. पाच दिवस सूर्यदर्शन झाले नाही तर पन्नास अँपिअर-तास लागतील. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी हवी. एवढ्यावर भागले असते. परंतु नोंदी उपग्रहामार्फत तत्काळ दिल्ली-हैदराबादला पाठवायच्या म्हटल्या, तर व्हीसॅट यंत्रणेसह ही गरज सहज तीस वॅटपर्यंत जाते. मग त्याच पाच दिवसांसाठी घरगुती इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या लागतात. भूकंप नोंदविण्यापेक्षा त्याची वार्ता पोहोचविण्यालाच अधिक वीज लागते.

सौरपट्ट्यांचे गणित याहून कठीण आहे. उन्हाळ्यात दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन धरले आणि वाटेतील गळती वजा केली, तर तीस वॅटच्या केंद्राला सुमारे दोनशे वॅटची पट्टी पुरते. नवजा-महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तेथे दिवसाकाठी दीड तासाचेच ऊन हिशेबात धरावे लागले, तर तीच गरज जवळपास सातशे वॅटवर जाते. निविदेत देशभरासाठी एकच प्रमाण लिहिले गेले, तर राजस्थानात उत्तम चालणारा संच सह्याद्रीत ऑगस्टपर्यंत दम तोडणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

हाच काळ कोयनेत निर्णायक असतो. जलाशयाची पातळी पावसाळ्यात चढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास धक्क्यांचे प्रमाण वाढते, असे अनेक दशकांच्या नोंदी सांगतात. हिवाळ्यात पाणी उतरू लागल्यावर दुसरी वाढ दिसते. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांतील दाब यांचा संबंध उलगडायचा तर भरतीच्या आठवड्यांतील अखंड नोंदी हव्यात. बॅटऱ्या सर्वांत क्षीण असतात त्या याच आठवड्यांत.

दिवसाच्या चक्रातही हीच गाठ आहे. सौर केंद्राची बॅटरी पहाटे सर्वांत रिकामी असते. रात्री माणसांची वर्दळ थांबलेली असल्याने अतिसूक्ष्म धक्के टिपण्यासाठी मात्र तेच तास सर्वोत्तम. दुबळ्या बॅटरीचे केंद्र अनेकदा पूर्ण बंद पडत नाही. ते ऊन आले की सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर झोपते. वरवर पाहता केंद्र ‘कार्यरत’ दिसते, प्रत्यक्षात रोज त्याची मोलाची वेळ हातची जाते. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, हे दोन्ही भूकंप पहाटे चारच्या आगेमागे झाले होते. हा योगायोग असला तरी रचनाकारांनी दृष्टीआड करण्याजोगा नाही.

त्यामुळे चार्ज कंट्रोलरसारख्या किरकोळ वाटणाऱ्या पेटीला महत्त्व येते. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेल्यावर ती भार तोडते. आधी व्हीसॅट बंद करायचे आणि नोंदणी सुरू ठेवायची, अशी मांडणी असेल तर नोंदी डिजिटायझरच्या स्मृतीत साठतात आणि नंतर मिळतात. इशाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, पण अभ्यासाला होतो. सगळा भार एकाच तारेवर असेल तर दोन्ही जाते. वीज परतल्यावर उपकरणाचे घड्याळ उपग्रहाशी पुन्हा जुळावे लागते, अन्यथा नोंदीची वेळच संशयास्पद ठरते. याशिवाय वीज कोसळण्यापासून संरक्षण, भूसंपर्कन, ओल न शिरणारी जोडणी, उंदरांना न कुरतडता येणाऱ्या तारा आणि पट्ट्यांची चोरी रोखणारे कुंपण, असा बारीकसारीक खर्च असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या हलक्या आणि दीर्घायुषी असल्याने डोंगरावर वाहून नेण्यास सोयीच्या. मात्र शून्य अंशाखाली त्या चार्ज करता येत नाहीत. म्हणजे सह्याद्रीत जे शहाणपणाचे, ते लडाखमध्ये जसेच्या तसे चालणार नाही.

एखादे केंद्र गळाल्याने काय बिघडते, असा प्रश्न हिशेबतपासनीस विचारू शकतो. मोठ्या भूकंपाच्या स्थाननिश्चितीत फारसे नाही. तो दूरच्या केंद्रांवरही उमटतो. लहान धक्क्याची खोली मात्र जवळच्या केंद्राविना नीट कळत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक भीतीने घराबाहेर झोपत होते. ते उथळ धक्के नेमके कोठून आणि किती खोलीवरून येत आहेत, हे ठरविण्यासाठी तेथे जवळच केंद्रे बसवावी लागली. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली-नांदेड परिसर साडेचारच्या आसपासच्या धक्क्यांनी हादरला. मराठवाड्यात अशा बातमीबरोबर किल्लारीची आठवण येतेच. सुमारे दहा हजार माणसे गमावण्यापूर्वी तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता.

कावेरीकाठच्या लोकांचा याच्याशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिनमचा किनारा उद्ध्वस्त केला, तो भूकंप सुमात्राजवळच्या समुद्रात झाला होता. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले आणि त्याच्यासाठी पोर्ट ब्लेअर, मिनिकॉय, शिलाँग यांसह १७ केंद्रांचे उपग्रहाने जोडलेले जाळे उभारण्यात आले. अशा केंद्राच्या बाबतीत नंतर मिळालेली नोंद कामाची नाही. इशारा काही मिनिटांत द्यायचा असतो.

उपाय अवघड नाही, खर्चिकही नाही. आधुनिक डिजिटायझर नोंदींबरोबर स्वतःच्या बॅटरीचा दाबही पाठवत असतो. तो आठवडाभर घसरत असेल तर केंद्र बंद पडण्यापूर्वीच तंत्रज्ञ पाठविता येतो. अडचण लेखाशीर्षाची आहे. उपकरण भांडवली खर्चातून येते, त्याचे उद्घाटन होते. तीन-चार वर्षांनी बदलावयाची बॅटरी देखभालीच्या तुटपुंज्या तरतुदीत जाते. खरेदीच्या अटींत किती दिवस सूर्याविना केंद्र चालले पाहिजे आणि कोणत्या महिन्याचे ऊन गृहीत धरायचे, हे स्थळनिहाय लिहिले जावे. त्याचबरोबर प्रत्येक केंद्राच्या नोंदी वर्षभरात किती टक्के वेळ उपलब्ध होत्या, हे उभारलेल्या केंद्रांच्या संख्येशेजारी प्रसिद्ध व्हावे. घाटमाथ्यावरील केंद्रांसाठी ही तपासणी मे महिन्यातच उरकावी लागते. पाऊस सुरू झाल्यावर तेथील कित्येक पायवाटाच बंद होतात.